आरसे कमी, पानं पूर्ण

रविवार, ३ तारीख

टिल्लीने पाठवलेलं ग्राफिक्स कार्ड आज मी स्वतःच्या हाताने कंप्युटरात बसवलं. टिल्ली म्हणजे आमची मुलगी. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून हे नाव पडलं. आता माझ्यापेक्षा उंच आहे, दूरच्या शहरात नोकरी करते, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तिने स्वतःसाठी नवीन कार्ड घेतलं आणि तिचं जुनं मला दिलं. व्हिडिओवरून ती सांगत गेली आणि मी स्क्रू फिरवत गेलो. कॅबिनेटचं झाकण लावताना हात अजिबात थरथरले नाहीत, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

ही वही तिच्याच सांगण्यावरून घातली आहे. "बाबा, काहीही बदललंत की लिहून ठेवत जा. बिघडलं तर कुठून बिघडलं ते कळतं." मी म्हटलं, मला लिहायला लागलं की थांबता येत नाही. ती म्हणाली, ते माहीत आहे.

एवढा खटाटोप एका खेळासाठी. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, मी त्याला 'घाट' म्हणतो. आपला ट्रक घ्यायचा, माल भरायचा आणि डोंगररस्त्याने पोचवायचा. समोर खेळण्यातलं स्टिअरिंग, टेबलाखाली तीन पेडल. दर रविवारी संध्याकाळी मी माझ्या ट्रकमध्ये असतो, टिल्ली तिच्या, आणि कानात इअरफोन. नोकरी लागल्यापासून तिला घरी यायला जमलेलं नाही. पण रविवारी तासभर ती माझ्या आरशात असते. तिचा तपकिरी ट्रक मागून येताना दिसला की मला आठवडाभर पुरतं.

आणि चोवीस तारखेला 'जुना घाट' उघडणार आहे. जंगलातला रस्ता, वर्षातून एकाच संध्याकाळी खुला. जोडीने जायचं. दोघांतला एक फार मागे पडला की जोडी बाद. टिल्लीने आमची जोडी नोंदवली आहे.

आता खरं सांगायचं तर कार्ड बसवल्यावर खेळ आधीपेक्षाही रखडत चालतोय. टिल्लीला म्हटलं, झकास चालतोय. तिने हौसेने पाठवलंय, पहिल्याच दिवशी काय तोंड वाकडं करायचं.

सोमवार, ४ तारीख

लपवणं जमलं नाही. टिल्लीने फोन केला आणि सहज विचारलं, पडद्याची वायर कुठे लावलीय? मी म्हटलं, जिथे होती तिथेच. तिथेच घोळ होता. कार्डाला स्वतःचं वेगळं भोक आहे, वायर त्यात लावायची असते. मी ती जुन्याच भोकात ठेवली होती, त्यामुळे नवीन कार्ड आत पाहुण्यासारखं बसून होतं आणि कंप्युटरातलं मूळचंच बिचारं सगळं ओढत होतं. टिल्ली हसली नाही. म्हणजे फोन बाजूला धरून हसली असणार.

बदल: वायर कार्डाला लावली. खेळ लोण्यासारखा चालला. चित्राचा दर्जा किती ठेवायचा ते खेळाने स्वतःच ठरवलं, 'मध्यम'. मला काही फरक पडत नाही, मला रस्ता दिसला की झालं.

टिल्लीच्या आईला हाक मारून दाखवलं. हिची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं नुकतीच झाली आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऊन, धूळ आणि वाकायची कामं अजून बंद ठेवली आहेत, तेव्हा काळा चष्मा लावून घरातच असते आणि कंटाळते. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हिने नोकरी केली, सूक्ष्मदर्शकाखाली पानं ठेवण्यात जन्म गेला, आणि शेवटी शेवटी मोतीबिंदूमुळे खिडकीबाहेरचं झाडही दिसेना.

हिने पडद्याजवळ येऊन बराच वेळ बघितलं. म्हणाली, "पानं कुठे आहेत? नुसता हिरवा लगदा आहे." मी म्हटलं, चालकाने रस्ता बघायचा असतो, पानं नाही. ती आत निघून गेली.

बुधवार, ६ तारीख

आज पुन्हा रडगाणं. ट्रक दोन पावलं जातो, अडखळतो, पुन्हा जातो. वळणावर चित्र गोठतं आणि सुटतं तेव्हा मी झाडात असतो.

दुपारी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये होतो. निवृत्त झालो तरी मालकांनी दुपारचे विद्यार्थी माझ्याकडेच ठेवले आहेत. माझ्याइतका सावध शिक्षक त्यांना मिळायचा नाही, असं ते म्हणत नाहीत, पण मनात असणार. म्हणजे दुपारी कंप्युटर बंद होता, कुणी हात लावलेला नाही, आणि तरी रोग बळावला.

शिवाय सोमवारी मी ट्रक डेपोत उभा केला होता, तो आज तळ्याच्या काठी सापडला. तोही दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये. खेळाने आपलं आपण काहीतरी अपडेट केलं असणार. खुर्चीसुद्धा खाली गेल्यासारखी वाटते. तिचा गॅस संपत आला असेल.

बदल: कॅबिनेटवर हिने घातलेलं कापडी कव्हर काढलं, आतली धूळ दाढीच्या ब्रशने झाडली. खुर्ची वर केली. फरक शून्य. दाढीचा ब्रश गेला तो गेलाच.

शुक्रवार, ८ तारीख

कंप्युटरवाल्याला बोलावलं. कोपऱ्यावरच्या दुकानातला सडपातळ माणूस, बोलताना मशिनकडे बघतो, आपल्याकडे नाही. त्याने दहा मिनिटं खुडबुड केली आणि निदान सांगितलं, "ड्रायव्हर खराब आहे." कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात, हे मला नंतर कळलं. तोवर मी जरा लागेल असं बोलून गेलो होतो.

बदल: ड्रायव्हर पुसून नव्याने टाकला. खेळाने पुन्हा सगळं पहिल्यापासून मांडलं आणि लोण्यासारखा चालू लागला. कंप्युटरवाल्याला चहा दिला. हिने त्याला विचारलं की चित्र जास्त स्पष्ट दिसायला काय करतात. तो म्हणाला, सेटिंगमध्ये सगळे काटे उजवीकडे न्यायचे. मी म्हटलं, बघा, हिलाही आता आवड लागायला लागली. हिने चहाचा कप उचलला आणि आत गेली.

रविवार, १० तारीख

फजिती.

टिल्ली वेळेवर आली. निघालो. पहिला चढ संपायच्या आत चित्र अडखळायला लागलं. मी वेग कमी केला, टिल्लीही थांबत थांबत आली. तिसऱ्या वळणावर पडदा गोठला, आणि सुटला तेव्हा माझा ट्रक दरीत उताणा पडला होता, चाकं फिरत होती. टिल्ली वर कडेला थांबून हॉर्न वाजवत होती.

"बाबा, काय झालं?"

खरं सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं की तिने दिलेलं कार्ड टाकाऊ निघालं. मग ती नवीन घ्यायला धावणार, मी ओळखतो तिला. म्हणून म्हटलं, लक्ष नव्हतं, जरा दमलोय. त्यावर ती मऊ आवाजात म्हणाली, "चोवीस तारखेचा रस्ता खूप लांब आहे. दमणार असाल तर मी ऑफिसातल्या कुणाला तरी घेते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलं. भरपूर वाटलं. आयुष्यभर लोकांना घाट शिकवला, आणि माझ्या मुलीला घाटात सोबत ऑफिसातल्या कुणाची तरी होणार. तिला म्हटलं, मी ठणठणीत आहे, जोडी आपलीच. आता चोवीसच्या आत हे मशिन सुधारायलाच हवं.

मंगळवार, १२ तारीख

बदल: कॅबिनेट उघडं ठेवून बाजूला टेबलफॅन लावला. कार्ड तापून मंद होतं असं वाचलं. हात लावून बघितलं, तापलेलं होतं. फॅनने टेबलावरचे सगळे कागद उडाले, खेळ होता तसाच.

ट्रकच्या किलोमीटरच्या आकड्यातही गडबड आहे. मी चालवलं त्याच्या कितीतरी पुढे आकडा गेलाय. आणि वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल खेळात जे दंड होतात ते आठवडाभरात एकही नाही. मोजणारा भागच बिघडलेला दिसतो.

आज स्कूलमध्ये एक वेगळाच प्रकार. सध्या माझ्याकडे एक कॅशियरबाई शिकायला येतात. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो, तो मी वेळ पडेल तसा वापरतो. चौकाच्या आधी, चौकात आणि चौकानंतर, एवढाच. आज बाईंनी गाडी कडेला घेतली आणि शांतपणे विचारलं, "सर, गाडी मी चालवतेय की तुम्ही?" मी म्हटलं, तुम्हीच, पण माझ्यामुळे सुखरूप चालवताय. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. आजकाल शिकणाऱ्यांना धीर कमी.

लग्न झालं तेव्हा हिलाही मी शिकवायला घेतलं होतं. चार दिवसांत हिने सोडून दिलं. लक्ष रस्त्यावर नसायचंच, झाडांवर असायचं. माझ्या पायाशी ब्रेक नसता तर काय झालं असतं सांगता येत नाही.

बुधवार, १३ तारीख

जेवताना मी हिला जुन्या घाटाबद्दल सांगत होतो की तो रस्ता तळ्याच्या बाजूने सुरू होतो. ही म्हणाली, "त्या तळ्याशी निळी फुलं आहेत ना? पाकळ्या पाच काढल्यात, आणि पानं समोरासमोर नाहीत, एकाआड एक आहेत. ज्याने काढली त्याने खरं झाड बघितलेलं आहे." मी फुलं कधी बघितली नाहीत. माझ्या मागून जाता-येता हिला दिसली असतील. नवे डोळे चांगलेच लागलेत, डॉक्टरांना सांगायला हवं.

कंप्युटरवाला पुन्हा येऊन गेला. कार्डाकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "हे आता थकलंय. फार दिवस काढेल असं वाटत नाही." जणू पेशंटच्या नातेवाइकाला बाहेर बोलावून सांगावं तसं.

शनिवार, १६ तारीख

शेवटी टिल्लीला खरं ते सांगून टाकलं. ती जरा रागावली. कार्डावरून नाही, दमलोय असं खोटं सांगितलं म्हणून. "बाबा, मला आठवडाभर काळजी लागून राहिली होती की तुमची तब्येत बिघडलीय." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तिने मला खेळातलं सेटिंगचं पान उघडायला लावलं. तिथे सगळे काटे उजवीकडे, अगदी टोकाला. सावल्या पूर्ण, धुकं पूर्ण, आरसे पूर्ण, पानं पूर्ण. टिल्ली म्हणाली, एवढं ओझं लादल्यावर कार्ड रडणारच, ते थकलंबिकलं काही नाही. आणि मग विचारलं, हे कुणी वर नेलं?

मी नाही, हे उघड आहे. म्हटलं, खेळच नेत असेल, नवीन कार्ड बघून माज चढला असेल.

"बाबा, तुम्ही दुपारी खेळता का?"

"दुपारी मी स्कूलमध्ये असतो, तुला माहीत आहे."

"पण माझ्याकडे दुपारी तुमच्या नावापुढे हिरवा दिवा दिसतो. म्हणजे खेळ चालू असल्याचा." मग खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला. मग म्हणाली, "आई आहे का तिथे? जरा फोन द्या."

हिला फोन दिला. ही बोलत बोलत गॅलरीत गेली आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ हसण्याचे आवाज येत होते. मायलेकींना हसायला काय, काहीही पुरतं. इथे माझं मशिन परस्पर काटे फिरवतंय आणि कुणाला त्याचं काही नाही.

बदल: सगळे काटे परत मध्यावर.

रविवार, १७ तारीख

मध्यावरच्या काट्यांवर खेळ सुरेख चालला. टिल्ली आरशात होती. चढ, उतार, बोगदा, कुठे अडखळलो नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण टिल्ली गाडी चालवता चालवता मध्येच हसत होती आणि कारण सांगत नव्हती.

मंगळवार, १९ तारीख

काटे पुन्हा वर. मी शनिवारी स्वतः खाली आणले होते, आज सगळे टोकाला. खुर्ची पुन्हा खाली. पेडलही पुढे ओढल्यासारखे, झाडताना सरकले असतील.

टिल्लीला फोन केला. ती म्हणाली, "राहू दे बाबा. रविवारी खेळायच्या आधी खाली आणा, झालं." असं ती कधी बोलत नाही. तिला कुठलीही गोष्ट मुळापासून सोडवल्याशिवाय चैन पडत नाही, लहानपणी घड्याळ उघडून बसायची. आता म्हणते राहू दे. ज्या गाडीचा गिअर आपोआप बदलतो ती गाडी मी घाटात कशी नेऊ? अर्ध्या वाटेत काटे वर गेले तर?

मला वाटतं तिने ऑफिसातल्या कुणाला तरी विचारून ठेवलंय आणि मला सांगायला जड जातंय. हिलाही ते माहीत असावं. परवापासून दोघींचा रोज फोन असतो आणि मी खोलीत आलो की विषय बदलतो. हिला आज विचारायचं होतं. विचारलं नाही. खरं ठरलं असतं तर काय केलं असतं.

गुरुवार, २१ तारीख

आज सगळंच एकदम घडलं, नीट क्रमाने लिहितो.

दुपारी स्कूलला गेलो तर मालकांनी बाजूला घेतलं. कॅशियरबाईंनी दुसरा शिक्षक मागितला आहे. तक्रार म्हणून नाही, मालक म्हणाले, त्यांना फक्त थोडं स्वतः चालवून बघायचं आहे. मला संताप आला. त्या तावातच रिकाम्या दुपारी घरी निघालो. हिला सगळं सांगायचं, असं वाटेत मनाशी घोकत होतो.

किल्लीने दार उघडलं तर आतून स्टिअरिंगची घरघर ऐकू आली.

ही माझ्या खुर्चीत बसली होती. खुर्ची खाली केलेली, पाठीला उशी, पेडल पायांना पुरतील असे जवळ ओढलेले, काळा चष्मा डोक्यावर. समोर जुन्या घाटाच्या तोंडाशी जाणारा रस्ता. मी तो खेळ वर्षभर खेळतोय, पण असा बघितलेला नव्हता. झाडावरचं पान न् पान सुटं होतं. काही पिवळी, काहींना कीड लागलेली. चित्र अडखळत होतं, माझं जिथे जिथे अडखळतं तिथेच. पण हिचं काही बिघडत नव्हतं, कारण ही इतकी सावकाश जात होती की अडखळलेलं हिला कळतही नसावं. तळ्याशी ट्रक थांबवला, दोन रेघांच्या मध्ये, आणि मान वर करावी तसं चित्र वर फिरवून झाडाच्या शेंड्याकडे बघत राहिली.

मी दारातच उभा. सगळं एकदम लक्षात आलं. तळ्याकाठचा ट्रक, किलोमीटर, न झालेले दंड, निळी फुलं. हिला प्रयोगशाळेची सवय. भिंगाखालचं धड दिसत नसलं की बाजूचा स्क्रू फिरवत जायचं, दिसेपर्यंत. इथेही हिने तेच केलं होतं.

मग ही निघाली आणि पुढच्या वळणावर फारच आतून वळली. माझा पाय आपसूक खाली दाबला गेला, पायपुसण्यावर. 'क्लच' हा शब्द ओठांपर्यंत आला. तेवढ्यात तिचा चेहरा बाजूने दिसला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. डॉक्टरांनी सांगितलंय की ऑपरेशननंतर काही दिवस डोळ्यांतून पाणी येतं.

मी दार हळूच ओढून घेतलं, खाली जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो आणि रोजच्या वेळेला बेल वाजवली. ही डोळे चोळत आली. म्हणाली, जरा झोप लागली होती. मी म्हटलं, बरं केलंस. कॅशियरबाईंचं सांगायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी गॅलरीत जाऊन टिल्लीला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, हिरवा दिवा दिसला त्या दिवसापासून. आईने शपथ घातली होती की बाबांना सांगू नको.

"का पण? मी काय नको म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलं. पण तुम्ही शेजारी येऊन उभे राहिला असतात."

शेजारी उभं राहण्यात काय वाईट आहे, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

शनिवार, २३ तारीख

परवापासून विचार करत होतो. काल रात्री झोपताना ठरवलं, आज टिल्लीला सांगितलं, आणि तिने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "नक्की ना बाबा? मग पुढच्या वर्षीपर्यंत तुम्हाला जुना घाट मिळणार नाही." मी म्हटलं, सेटिंगचं बोल.

ही खाली शेजारणीकडे गेली होती, तेवढ्यात आम्ही दोघं कामाला लागलो. पानं टोकाला ठेवायची आणि दूरचं दिसणंही टोकाला ठेवायचं, हे माझं पक्कं. तरी गाडी अडखळता कामा नये, कारण जोडीत फार मागे पडून चालत नाही. सावल्या अर्ध्यावर आणल्या, धुकं काढून टाकलं, डबक्यांतली प्रतिबिंबं काढली, ट्रकचा धूर काढला. एक काटा हलवायचा, थोडं चालवून बघायचं, मग दुसरा. बरंच सुधारलं, पण वळणावर अजूनही ठेच लागायची.

टिल्ली म्हणाली, "आता एकच राहिलंय, पण तुम्हाला आवडणार नाही. आरसे. आरशातलं चित्र कार्डाला वेगळं काढावं लागतं. जितके आरसे, तितक्यांदा तोच रस्ता पुन्हा काढायचा."

मी म्हटलं, आरशांना हात लावायचा नाही. आजवर ज्याला ज्याला शिकवलं त्याच्या कानीकपाळी ओरडलो, आरसा बघ, आरसा बघ. आणि खरी गोष्ट अशी की टिल्ली मला दिसते ती आरशात. हे तिला बोलून दाखवलं नाही. ती म्हणाली, तुम्ही ठरवा, मी थांबते.

बदल: आरसे सगळ्यात खाली. आता मागचा ट्रक म्हणजे नुसता तपकिरी डाग. पानं पूर्ण. वळणावर ठेच नाही.

चहाच्या वेळी हिला म्हटलं, उद्या जुना घाट तू चालव. कप हातात तसाच राहिला. आधी म्हणाली, मला कुठे येतंय. मी म्हटलं, तळ्याशी दोन रेघांच्या मध्ये गाडी लावता येते तुला, मला अजून ते जमलेलं नाही. त्यावर ही लाजली, रागावली आणि हसली, सगळं एकदमच. मग कप खाली ठेवून विचारलं, "तुम्ही कुठे असाल?"

"शेजारी."

"आणि ब्रेक?"

"तो तुझ्याच पायाशी आहे."

रविवार, २४ तारीख

हिने सकाळपासून दोनदा केस विंचरले. मी म्हटलं, खेळात आपण कुणाला दिसत नाही. म्हणाली, असू दे.

संध्याकाळी ही खुर्चीत बसली, मी बाजूला स्टुलावर, फोन स्पीकरवर. जुना घाट उघडला आणि जोड्या एकामागून एक निघाल्या. सगळे आम्हाला ओलांडून गेले, शेवटी उरलो आम्ही. म्हणजे पुढे ही, मागे टिल्ली. दोन्हीकडून झाडं वर मिळालेली, रस्त्यावर कवडसे पडलेले. खेळ एकदाही अडखळला नाही. मी स्वतःवर खूष होतो.

थोड्या वेळाने ही म्हणाली, "अहो, आरशात काहीच धड दिसत नाही. टिल्ली आहे ना?"

मी तोंड उघडायच्या आत फोनवरून आवाज आला, "आहे गं आई. मागेच आहे. तू बघ तुझं."

ही बघत होतीच. दोन वळणांनंतर कुठलंसं झाड दिसलं म्हणून चक्क थांबली. टिल्लीही थांबली, हॉर्न न वाजवता. मला सांगावंसं वाटलं की घाटात असं थांबायचं नसतं. रस्ता रिकामा होता, म्हणून सांगितलं नाही. मग उतार लागला, गाडी कडेकडे सरकायला लागली, आणि माझा पाय गेलाच खाली. खाली नुसती फरशी. हिने पायाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. गाडी हिनेच सावरली.

मी दोन्ही पाय वर घेतले आणि स्टुलावर मांडी घातली. गुडघे कुरकुरले, तोल सांभाळायला टेबल धरावं लागलं, पण शेवटपर्यंत पाय खाली सोडला नाही.

शेवटून पहिले आलो, पण जोडी बाद झाली नाही. टिल्ली फोनवर टाळ्या वाजवत होती. ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून म्हणाली, "तेव्हा असे बसला असतात, तर मी तेव्हाच शिकले असते."

शिकवायच्या गाडीत मांडी घालून बसता येत नाही, हे मी तिला समजावून सांगणार होतो. पण ती तोवर परत फिरली होती, टिल्लीला निळी फुलं दाखवायला, आणि मला म्हणाली, ते वर बघा. गाडी ती चालवत होती, तेव्हा मला वेळ होता. मी बघितलं. खरंच प्रत्येक पान वेगळं काढलंय.

टिल्लीने सांगितलंय म्हणून लिहितो. बदल: आज सेटिंगमध्ये काहीही नाही. खुर्ची खालीच ठेवली आहे आणि पेडल हिच्या पायांना पुरतील तिथेच राहू दिले आहेत.